हलक्या हाताचे कंपाउंडरमामा

कंपाउंडरमामांच्या हातचं इंजेक्शन दुखत नसे, आणि याच गोष्टीसाठी मी कित्येक वर्षं त्यांना माफ केलं नव्हतं. सुई आत गेलेली कळायचीच नाही. दंडावरून स्पिरिटचा थंड बोळा फिरायचा आणि पुढच्या क्षणी ते म्हणायचे, "झालं बी. उठा." रडायच्या तयारीनं आलेली पोरं तोंड उघडं ठेवूनच उठायची. दुखलं असतं तर माणसं सुईला भ्याली असती. दर आठवडी बाजाराला रांग लावून बसली नसती, आणि माझी आई कदाचित अजून असती. असं मी तेव्हा मनाशी म्हणायचे. खोटं कशाला सांगू, अजूनही कधीकधी म्हणते.

वाटूरपासून कोसभर आत आमचं गाव. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला तिथं एक डॉक्टर आले, दोन खोल्यांत दवाखाना थाटला आणि मामांना हाताखाली घेतलं. मामा आईच्या माहेरच्या वाडीचे, म्हणून ती त्यांना दादा म्हणायची आणि आम्ही मामा. पुढं सगळं गावच मामा म्हणायला लागलं. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. ते स्वतः काही वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते, टोचायला तिथंच शिकले. पांढरा सदरा, धोतर आणि डोक्याला पटका, असा कंपाउंडर मी पुन्हा कुठं पाहिला नाही. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "मेंढरू हालतंय आन् माणूस वरडतंय. जागा दोघांची बी बराबर सापडावी लागती."

त्यांची एक सवय सगळ्या गावाला पाठ होती. सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर बसून ते सुया घासायचे. तेव्हा एकदा वापरून फेकायच्या सुया आमच्याकडं आल्या नव्हत्या. काचेची पिचकारी आणि पोलादी सुई वर्षानुवर्षं चालायची. बोटभर काळ्या दगडावर मामा सुईचं टोक असं फिरवायचे, जणू सोनार बसलाय. मग ते टोक स्वतःच्या नखावरून ओढून बघायचे. जराशी खरखर लागली की पुन्हा दगडावर. डॉक्टर बदलले तर चालतील, पण मामा पाहिजेत, असं बाया उघड बोलायच्या.

बाजाराच्या दिवशी मात्र त्या दोन खोल्यांना श्वास घ्यायला जागा नसायची. सुई दिल्याशिवाय डॉक्टरनं तपासलं असं कुणाला वाटतच नसे. हातपाय दुखतात, सुई. भूक लागत नाही, सुई. काहीच होत नसलं तर ताकदीचं लाल इंजेक्शन. माझी आई त्या लाल इंजेक्शनची भक्त होती. बाजार करायचा, टोपली मला धरायला लावायची आणि रांगेत बसायचं. सुया स्टोव्हवरच्या ट्रेमध्ये सकाळी एकदा उकळलेल्या असायच्या. त्यानंतर दिवसभर एकाच्या दंडातून निघालेली सुई बोळ्यानं पुसायची आणि दुसऱ्याच्या दंडात घालायची. आतून डॉक्टरांचा आवाज यायचा, "जल्दी, जल्दी! लाइन बघ किती झाली!" मी ते सगळं पाहिलंय. टोपली धरून, अगदी जवळ उभी राहून पाहिलंय. त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नव्हतं.

पुष्कळ वर्षं काहीच झालं नाही. तो रोग तसाच आहे, घाई नसलेला. मग आई लवकर दमायला लागली. पावलं सुजली, डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं काविळीचं बांधून आणा. शेवटच्या महिन्यात मामा भेटायला आले आणि दारातच उभे राहिले. आई म्हणाली, "दादा, तुमच्या हातची एक सुई द्या. बरं वाटंल." त्यांनी पिशवीतून पिचकारी काढली आणि दिली. आई हसली. "कळलंच न्हाई बघा," म्हणाली. त्यानंतर तिला रक्ताच्या उलट्या झाल्या आणि ती गेली.

मी औरंगाबादला रक्त तपासणीचा अभ्यासक्रम केला आणि जुन्या जालन्यात, मस्तगडला एका लॅबमध्ये लागले. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. थोड्या वर्षांनी हिपॅटायटिस सी ओळखायच्या पट्ट्या आमच्याकडं यायला लागल्या. रक्तातला निवळ थेंब टाकायचा आणि वाट बघायची. एक रेघ उमटली तर ठीक, दोन उमटल्या तर रोग. आमच्या भागातून आलेल्या माणसांच्या पट्टीवर दोन रेघा जास्तच वेळा दिसायला लागल्या. मी विचारायला सुरुवात केली. रक्त भरलं होतं का? नाही. ऑपरेशन? नाही. सुया कुठं घ्यायचात? प्रत्येकाच्या तोंडी एकच दवाखाना. आणि वरून कौतुक, "मामाच्या हातची सुई दुखतच न्हाई वो."

आईचं रक्त कधी तपासलं गेलं नव्हतं. तिच्याबद्दल कागदावर मी आजही काही सिद्ध करू शकत नाही. पण त्या पट्ट्यांसमोर बसून मी ठरवलं की हे सोडायचं नाही. डॉक्टर तोपर्यंत जालन्यात येऊन मोठे झाले होते. तीन मजली इमारत, सत्कार, हारतुरे. तिथवर माझा हात पोचण्यासारखा नव्हता. मामा मात्र गावातच होते. डॉक्टरांनी जालन्याला जाताना त्यांना सोबत घेतलं नव्हतं. मी त्यांची वाटच बघत होते म्हणा ना.

आणि एक दिवस ते आपणहून आले. सुकले होते; पटका तेवढा तसाच होता. वाटूरच्या डॉक्टरांनी कावीळ तपासून या म्हणून चिठ्ठी दिली होती. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांचा हात टेबलावर घेतला आणि मुद्दाम सगळ्यात जाड सुई काढली. पहिल्यांदा शिरेच्या बाजूला घातली, फिरवली, बाहेर काढली. पुन्हा घातली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. माझ्या बोटांकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "सुई बोथट न्हाई, बाई. हात रागात हाये."

मग त्यांनी वर पाहिलं. "तू गिरजाबाईची लेक."

दोन रेघा उमटल्या. मी पट्टी त्यांच्यापुढं ठेवली आणि जितकं कडू बोलता येईल तितकं कडू बोलले. हा रोग सुईनं पसरतो, तुमच्याच सुईनं पसरलाय, माझी आई यानंच गेली, आणि आता तुमची पाळी. ते बाकावर बसून सगळं ऐकत होते. मधे एकदा पटका काढून मांडीवर ठेवला, तेवढंच.

"तुम्हाला माहीत होतं का?" मी विचारलं. "दर माणसाला सुई उकळायला पाहिजे, हे?"

माहीत नव्हतं म्हणतील, अशी माझी खात्री होती. अडाणी माणूस, काय करणार, असं म्हणून मग मलाही थोडं सुटता आलं असतं.

"मेंढरांच्या दवाखान्यात आमी दर कळपाला सुया उकळायचो, पोरी," ते म्हणाले. "एका कळपाचा रोग दुसऱ्याला लागू न्हाई म्हणून. मंग माहीत कसं नसंल?"

"मग?"

"मंग काय. डॉक्टर म्हणायचे, लाइन बघ. लोक म्हणायचे, मामा, जल्दी करा, बाजार उठंल. पयल्या सालात एक-दोनदा मी बोल्लो. डॉक्टर म्हणले, तू शिकलेला का मी? मला वाटलं, आत शिकलेला माणूस बसलाय, त्याला जास्ती कळतंय. माणसाचं रक्त मेंढरावानी नसंल." त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुझ्या आईला मीच दिल्ती. दर बाजाराला. पयली बी मीच आन् शेवटची बी मीच."

माझ्या हातातली पट्टी मी टेबलावर टाकली. इतकी वर्षं ज्या माणसाला मनात शिव्या दिल्या, तो माझ्यापुढं बसून त्या सगळ्या खऱ्या ठरवत होता. त्यानं राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही, पण त्याला सोबत मिळाली. जाताना मामा दारात वळून म्हणाले, "मला काय करायचं ते कर. पण त्याला बी सोडायचं न्हाई."

औरंगाबादच्या पोटविकाराच्या डॉक्टरांनी त्यांना इंटरफेरॉन सुरू केलं. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. या रोगावर दुसरं फारसं काही नव्हतं. आठवड्याला तीन इंजेक्शनं, सोबत गोळ्या, आणि महिनोन् महिने. मामांनी उरलेली मेंढरं विकली. औषधाच्या कुप्या थंड ठेवाव्या लागायच्या आणि गावात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून त्या आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये राहिल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार मामा एसटीनं यायचे, कुपी काढायचे, स्वतःच्या मांडीत स्वतः टोचायचे. नवी सुई, एकदाच वापरायची. ती वापरून झाली की तोडून डब्यात टाकताना दरवेळी क्षणभर तिच्याकडं बघायचे.

टोचल्यावर दोन-तीन तासांनी त्यांना थंडी वाजून यायची. बाहेर चैत्राचं ऊन आणि मामा बाकावर घोंगडीत कुडकुडतायत. एकदा दात वाजत असतानाच त्यांनी विचारलं, "ह्ये औषध हाये का रोग? ताप उतरायच्या जागी चढतोय."

मी सांगितलं की हे परकं औषध नाही, आपलं शरीरच ते बनवतं. फ्लू झाला की अंग मोडून येतं, थंडी वाजते, तीही बरीचशी याच्यामुळं. विषाणू एखाद्या पेशीत घुसला की ती पेशी बहुतेकदा वाचत नाही. पण जाण्याआधी ती हे इंटरफेरॉन बाहेर सोडते. शेजारच्या पेशींना ते लागलं की त्या सावध होतात. आपलं नेहमीचं काम आवरतं घेतात, विषाणूला आपल्या घरात पिलावळ वाढवू देत नाहीत, तो आलाच तर त्याचे तुकडे करायची तयारी ठेवतात. शिवाय रोगट पेशींना मारणाऱ्या पेशी असतात, त्यांनाही ते जागं करतं.

मामांनी घोंगडी गळ्याशी ओढून घेतली. "म्हंजे मरणारी शेजारणीला हाक देऊन मरती."

"असं म्हणा."

"मंग माझ्या अंगानं काहून न्हाई दिली हाक? इतकी वर्सं?"

"हा विषाणू ती हाकच दाबतो. पेशीला धोका कळवायची जी सोय असते, तीच तोडून टाकतो. म्हणून बाहेरून भरपूर द्यावं लागतं."

घोंगडीतून हसल्यासारखा आवाज आला. "मला वाटलं व्हतं, तोंड दाबून बसायची सवय माझीच हाये."

त्या इंजेक्शनानं भूक जाते, केस विरळ होतात, रक्त कमी होतं. मनावरही परिणाम होतो. माणूस खचतो नाहीतर चिडतो. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. मामा चिडले. आयुष्यभर कुणाला मोठ्यानं न बोललेला माणूस कंडक्टरशी भांडू लागला. मी म्हणाले, "मामा, हा राग औषधाचा आहे, सांभाळा." ते म्हणाले, "औषधाचा आसंल तर औषध चांगलंय. हा राग मला वीस वर्सांमागं यायला पायजे व्हता."

मग त्यांनी हिंडायला सुरुवात केली. इंजेक्शनचा दिवस नसेल तेव्हा चालत गावोगाव. कुणाला कोणत्या साली, कोणत्या दंडात सुई दिली, हे त्यांच्या ध्यानात होतं. दारात उभं राहून म्हणायचे, "मी तुला सुई देत व्हतो. ती पुसलेली व्हती, उकळलेली न्हवती. रक्त तपासून घे." काही लोक पाणी विचारायचे, काही दार लावून घ्यायचे. आम्ही दोघांनी मिळून डॉक्टरांविरुद्ध एका सरकारी कचेरीत तक्रारही दिली. तिथले साहेब म्हणाले, "वीस वर्षांपूर्वीची सुई आणून दाखवता का?"

डॉक्टर लॅबमध्ये आले ते एका शुक्रवारी दुपारी. जिन्यात कुणी नाही असं बघून वर आले आणि भलतंच नाव सांगून म्हणाले, सी-ची तपासणी करायची आहे. मी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. पंधरा-सोळा वर्षांत वजन वाढलं होतं, केस काळे केले होते, पण "जल्दी करा" म्हणताना आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं नाही. टोपली धरून उभ्या असलेल्या मुलीकडं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी रक्त घेतलं आणि बाकाकडं बोट दाखवलं. बाकावर घोंगडी पांघरून मामा बसले होते.

"तू इथं काय करतोस रे?" डॉक्टर दचकून म्हणाले.

"जे तुमी करायला आलात, तेच. बसा."

वीस मिनिटं ती दोन माणसं एका बाकावर शेजारी बसून होती. पट्टीवर दुसरी रेघ फिकट उमटली आणि हळूहळू गडद होत गेली. मला आनंद झाला. दुसरा कुठला शब्द मी वापरणार नाही. मला आनंद झाला, आणि त्याची लाज वाटली नाही. पुढं कळलं की घाईगर्दीत ट्रे हाताळताना त्यांच्याही बोटाला कैकदा सुया लागल्या होत्या. मलेरियाच्या एका साथीत तर त्यांनी मामांकडूनच त्याच ट्रेमधल्या सुईनं टोचून घेतलं होतं.

दोन आठवड्यांनी ते परत आले. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांनाही इंटरफेरॉन लिहून दिलं होतं. पण स्वतःच्या हॉस्पिटलात टोचून घेतलं तर बातमी फुटणार, आणि स्वतःला टोचायची हिंमत नव्हती. त्यांनी नेहमी लिहूनच दिलं होतं; गावात टोचलं होतं मामांनी. "इथं गुपचूप होईल का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "गुपचूप? तुमचा रिपोर्ट मी बाजारातल्या कडुलिंबाला चिकटवणार आहे."

"न्हाई," बाकावरून मामा म्हणाले. "त्याचा रोग सांगायचा न्हाई, पोरी. रोग काय, मला बी हाये, तुझ्या आईला बी व्हता. त्याचं काम सांगायचं." मग डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "मी टोचतो. पण दर सुईच्या आधी तुमी एक नाव घ्यायचं. ज्याला आपून दिली त्याचं."

"मला नावं कुठली आठवणार?"

"मला आठवत्यात. मी सांगतो, तुमी म्हणा." मामांनी सुईचं वेष्टन फोडलं, कुपीतलं औषध ओढलं आणि हात वर धरून थांबले. "गिरजाबाई. म्हणा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "गिरजाबाई," ते म्हणाले. मामांनी सुई घातली. ती दुखावी, वाकडी जावी, असं मला मनापासून वाटत होतं. पण डॉक्टरांना कळलंसुद्धा नाही. नंतर मी रागावले तर मामा म्हणाले, "हाताला दुसरं येतंच न्हाई, काय करू?"

असे कित्येक महिने गेले. आठवड्याला तीन नावं. सुरुवातीला डॉक्टर औषध गिळल्यासारखं नाव उच्चारायचे. मग ताप, अंगदुखी, केस गळणं सुरू झालं आणि ते बाकावर मामांशेजारी शालीत कुडकुडत बसू लागले. एकदा मामांनी नाव सांगण्याआधीच डॉक्टर म्हणाले, "ती... जुळ्या पोरांची आई होती ती."

"सखूबाई. बराबर," मामा म्हणाले. "हाये की ध्यानात."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी त्यांच्या हातात बोळा दिला. डोळे पुसायला नाही, मांडीवर दाबून धरायला.

उपचार संपत आले तेव्हा मामांनी शेवटचं मागणं मांडलं. आठवडी बाजारात यायचं आणि लोकांसमोर सांगायचं. डॉक्टर ताडकन उठले. "तुला माझं वाटोळं करायचंय."

"व्हय," मामा म्हणाले. "आन् माझं बी. न्हाईतर आजपासून दुसरा हात बघा." भरलेली पिचकारी त्यांनी खाली ठेवली आणि घोंगडी ओढून डोळे मिटले. डॉक्टर जिना उतरून गेले. या औषधात खंड पडू नये हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना हाक मारली नाही. चार दिवसांनी ते परत आले आणि म्हणाले, "येतो."

ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली मी रक्त घ्यायचं सामान मांडलं. बाजार भरला होता. डॉक्टर आलेत म्हटल्यावर लोक जमले. काहींनी वाकून नमस्कार केला. डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "त्या काळात आम्ही सुया उकळत नव्हतो. त्यातून..."

"'आमी' न्हाई," मामांनी तोडलं. "तुमचं तुमी सांगा. माझं मी सांगतो."

डॉक्टरांनी रुमालानं तोंड पुसलं. "मी उकळू देत नव्हतो," ते म्हणाले. आणि खाली बसले.

मग मामा बोलले. पटका हातात घेऊन, उभं राहून बोलले. "मला कळत व्हतं. मेंढराला जे करायचो ते तुमाला न्हाई केलं. ज्यानं ज्यानं माझ्या हातची सुई घेतली, त्यानं रक्त द्या."

मग ठकूबाई नावाची म्हातारी पुढं आली. तिचा कर्ता मुलगा पोटात पाणी होऊन गेला होता. तिनं पायातली चप्पल काढली आणि मामांच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. त्याच वेळी डॉक्टरांना कुणीतरी खुर्ची आणून दिली, आणि कुणीतरी चहा. मी ओरडले, "अहो, त्यांना काय मारता, तो बघा तिकडं बसलाय!" ठकूबाईनं माझं ऐकलं नाही. तिच्या मुलाच्या दंडाला मामांचा हात लागला होता, डॉक्टरांचा नव्हे.

"मारू दे," मामा म्हणाले. ओठ फुटला होता. "तिच्या लेकराला मी म्हणलो व्हतो, झालं बी."

त्यानंतर मात्र लोक रांगेला लागले. बाजार उठेपर्यंत मी रक्त घेत होते. ज्यांच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, त्यांतल्या काहींना उपचार करता आले, काहींना नाही. काही आज बरे आहेत, नातवंडं खेळवतात. डॉक्टरांचं हॉस्पिटल थोडे दिवस ओस पडलं आणि मग पूर्वीसारखं भरू लागलं.

औषध डॉक्टरांना लागू पडलं. त्यांच्या रक्तातून विषाणू गेला तो गेलाच. मामांच्याही रक्तातून गेला होता. सहा महिन्यांनी परत आला. विषाणूचे प्रकार असतात, एखादा या औषधाला जुमानत नाही, लिव्हर किती खराब झालंय यावरही असतं. मला सगळं माहीत होतं, तरी तो रिपोर्ट हातात धरून मी लॅबमध्येच रडले. दुःखापेक्षा संतापानं. मामा म्हणाले, "औषधाला काय माहीत, कोण कोण हाये."

शेवटी त्यांचं पोट आईसारखंच फुगलं. गावात कुणी त्यांच्याकडं जात नव्हतं. बाजारातल्या त्या दिवसानंतर पिठाच्या गिरणीतसुद्धा लोक त्यांच्या घरच्यांशी बोलत नसत. मी गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते.

"मामा, झालं का समाधान?" मी विचारलं.

"न्हाई," ते लगेच म्हणाले. "त्याला सोडू नको." मग दम घेऊन माझा हात धरला. "आन् मला बी सोडू नको."

ते गेले तेव्हा गावातली मोजकी माणसं आली. तीही अंगणाच्या कडेला, हात मागं बांधून उभी. तिरडीला दोन मुलगे आणि वाडीहून आलेला पुतण्या, असे तीन खांदे झाले. चौथा कुणी पुढं होईना. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली आणि डॉक्टर उतरले. लोकांनी त्यांना वाट करून दिली. ते सरळ तिरडीपाशी आले, बूट काढले आणि वाकले.

"तुम्ही नाही," मी म्हणाले.

ते तसेच वाकलेले राहिले. थोरला मुलगा चाचरत म्हणाला, "ताई, आवो चौथा मानूस..."

"आहे ना. मी भाची आहे त्यांची."

"ह्याच माणसानं हिची आई घालवली ना?" कडेला कुणीतरी कुजबुजलं. मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानंच.

मी पदर खोचला आणि डॉक्टरांच्या हातासमोरून दांडी उचलून खांद्यावर घेतली. स्मशान ओढ्यापलीकडं आहे. उतारावर मुलांनी दोनदा म्हटलं, ताई, आता बदला. मी खांदा बदलू दिला नाही.